घर न सोडता वेगळं होताना

वकिलीच्या पहिल्या वर्षात मी कोर्टात पहिल्यांदा तोंड उघडलं ते वकील म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. अर्ज माझ्या भावोजींचा होता आणि तो होता माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्ध. गंमत अशी, की दोघांनाही एकच निकाल हवा होता, दोघांचीही माझ्यावर भिस्त होती, आणि माझ्याच साक्षीनं तो निकाल हुकला.

आई-वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिनं मला मल्लेश्वरमला आपल्या घरी आणलं आणि त्यानंतर माझं घर तेच. मंगळुरी कौलांचं, पुढं ओसरी, मध्ये बोळासारखी लांब जागा, तिच्या दोन्ही अंगांना खोल्या, मागं परसात विहीर आणि शेवग्याचं झाड. घर दोघांच्या नावावर होतं. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. भावोजी विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायचे. त्यांच्या हातून सुटलेली रेघ बघून छापली आहे की काढली आहे ते सांगता येत नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. होते ती मीच, त्यामुळं लाडही माझे आणि बोलणीही मलाच.

आमच्या घरची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसत. तीन शतकं कन्नड शेजारात राहिलेली ती भाषा. आम्ही ‘बरं’ म्हणायच्या जागी ‘सरी’ म्हणायचो आणि वाढताना ‘स्वल्प, स्वल्प’ म्हणून हात आडवा धरायचो. घरात भांडणं फार नव्हती. अक्का ठाम, भावोजी मवाळ. संसार बिनबोभाट चालला होता.

एका मे महिन्यात शिक्षिकांच्या कसल्याशा शिबिरात अक्काची गाठ शाळा-तपासणीच्या एका बाईंशी पडली. त्या सहज म्हणाल्या, “चिक्कबळ्ळापूरची मुख्याध्यापिकेची जागा तुम्ही नाकारलीत, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं. घरची अडचण असं पत्रात लिहिलं होतंत. आता मिटली का अडचण?”

अक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ती फाइल बघायला मागितली. आत दीड वर्षापूर्वीचं पत्र होतं. तिच्या नावानं, तिच्या वळणाच्या इंग्रजीत, आणि खाली तिची सही. सहीतला शेवटचा फाटा ती जसा वर उचलायची तसाच उचललेला. इतकी हुबेहूब सही काढू शकेल असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

ती घरी आली तेव्हा भावोजी ओसरीवर सायकलीची साखळी पुसत बसले होते. मी दारात होते. अक्कानं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

“चिक्कबळ्ळापूरच्या पत्राला उत्तर तुम्ही दिलंत?”

भावोजींनी फडकं खाली ठेवलं. “हो.”

“सही?”

“ती पण मीच केली.”

“का?”

याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. अक्का तशीच चपलांसकट आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही. रडारड नाही, भांडी आपटणं नाही. तिनं आपला पलंग पूर्वेच्या खोलीत नेला, भावोजींचे कपडे, दाढीचं सामान आणि पट्ट्या-पेन्सिली पुढच्या खोलीत व्यवस्थित मांडून दिल्या, आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, स्वयंपाकघर माझ्याकडे राहील. मागच्या पडवीत त्यांनी स्टोव्ह ठेवावा.”

भावोजींनी माझ्याकरवी निरोप पाठवला, की मीच कुठंतरी खोली बघून जातो. अक्का म्हणाली, “घर दोघांचं आहे. अर्धं म्हणजे अर्धं. मी त्यांना काढणार नाही. आणि खोटी सही मी केलेली नाही, तेव्हा मीही जाणार नाही.”

हिशेब गणिताच्या बाईंचा होता; भावोजी दुसऱ्या दिवशी स्टोव्ह घेऊन आले.

पहिले काही महिने मला जड गेले. नंतर मात्र, आता सांगायला हरकत नाही, माझी चंगळ झाली. सकाळी मी अक्काकडे जेवायची आणि संध्याकाळी भावोजींकडे, म्हणजे कुणाची बाजू घेतली असं नको. भावोजींना पाणीसुद्धा तापवता येत नसे. त्यांचं पहिलं हुळी, म्हणजे आमच्याकडचं भाज्या घातलेलं आंबट वरण, भिंतीला गिलावा करता येईल इतकं घट्ट झालं होतं. पण माणूस नकाशे काढणारा. त्यांनी आलेखाच्या कागदावर प्रमाण लिहून काढलं, दर रविवारी एक आकडा बदलून पाहिला, आणि वर्षभरात त्यांचा बिसीबेळेभात, म्हणजे डाळभाज्यांचा मसालेदार भात, असा व्हायला लागला, की मी सकाळी अक्काकडे त्याबद्दल बोलताना जीभ आवरायची.

निरोप्याचं काम मात्र मी महिन्याभरात सोडलं. मी कॉलेजात जाणारी मुलगी, ‘दूध उतू गेलं सांग’, ‘नळाचा वॉशर बदला सांग’, हे किती करणार? मी माझी शाळेतली दगडी पाटी शोधून काढली आणि मधल्या बोळात खिळ्याला टांगली, शेजारी खडू ठेवला. त्या पाटीचं एक वेगळंच व्याकरण तयार झालं. त्यात ‘तू’ नव्हतं, ‘तुम्ही’ नव्हतं, ‘अहो’ तर नव्हतंच. “दूधवाला उद्या नाही.” “विहिरीचा दोर झिजला.” “दोर आणला.” अक्षरावरून कोण ते कळायचंच. पेपर सकाळी पुढच्या खोलीत असायचा आणि दुपारी चारला घडी मोडली नसल्यासारखा पाटीखालच्या स्टुलावर येऊन पडायचा.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. तेवढ्यात मी कायद्याची परीक्षा देऊन सनद घेतली आणि चामराजपेटमधल्या एका वयस्कर कन्नड वकिलांकडे ज्युनिअर म्हणून जायला लागले. हिंदूंच्या विवाहाचा नवा कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि तो मला अगदी तोंडपाठ होता. एकदा सकाळी पोळी लाटता लाटता अक्कानं विचारलं, “त्या नव्या कायद्यात नवराबायकोनं रीतसर वेगळं राहायची सोय आहे म्हणतात. ते घटस्फोट वगैरे नको मला. नुसतं कागदावर असावं की ही दोन वेगळी माणसं आहेत. माझ्या नावानं बोलायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.”

मी म्हटलं, “आहे ना सोय. मी चालवते तुझा खटला.”

पुढच्या शनिवारी मी तिला सीनियरांकडे घेऊन गेले. त्यांच्या कचेरीची खोली मिरचीच्या वखारीच्या वरती होती, ठसक्यानं अशिलाच्या डोळ्यांत आपोआप पाणी यायचं. त्यांनी अक्काचं सगळं ऐकून घेतलं.

“खोट्या सहीबद्दल फौजदारी करायची आहे का?”

“नाही. त्यांना तुरुंगात नाही घालायचं. मला वेगळं व्हायचंय.”

“त्यांची हरकत आहे का?”

“नसावी.”

“मग अडचण आहे,” सीनियर म्हणाले. “दोघांच्या राजीखुशीनं वेगळं होणं या कायद्यात नाही. कायद्याला एक अपराधी लागतो. छळ केला, सोडून गेला, असं काहीतरी. त्यांनी छळ केला म्हणाल?”

अक्कानं विचार केला. “एक वाईट काम केलं. त्याला छळ म्हणता येणार नाही.”

“मग राहिला परित्याग. दोन वर्षं एकानं दुसऱ्याला सोडलेलं असलं पाहिजे. तुम्ही सांगताय त्यावरून, त्यांच्याशी संसार करणं थांबवलंत तुम्ही. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं सोडून गेलात त्या तुम्ही. अर्ज त्यांनी करायला हवा.”

“मी कुठं गेले? मी तर घरातच आहे.”

“एकाच छपराखाली राहूनही सोडून जाता येतं, असं काही न्यायाधीशांचं मत आहे. पण मग घरात खरोखर दोन संसार दिसले पाहिजेत. चूल वेगळी, कपडे धुणं वेगळं, आजारपण वेगळं. एकमेकांची कसलीही उठाठेव नाही. हे सिद्ध करायला घरातला साक्षीदार लागेल.” बोलता बोलता ते माझ्याकडे वळले. “घरात तिसरं माणूस कोण?”

“मी,” मी म्हटलं.

“मग तुझं वकीलपत्र विसर. ज्याला साक्ष द्यायची त्यानं त्या खटल्यात वकिली करू नये. पिंजऱ्यात उभी राहा किंवा टेबलाशी, दोन्हीकडे एकदम नाही.”

अशी माझी पहिली केस गेली. जिन्यावरून उतरताना अक्का म्हणाली, “आता त्यांना अर्ज करायला कसं सांगायचं?” मी म्हटलं, पाटी आहे की. तिनं त्या संध्याकाळी पाटीवर लिहिलं, “वेगळं होण्याचा अर्ज कोर्टात देणे. अर्जदार पुढची खोली. वकील चामराजपेट, शनिवारी पाच.” सकाळी खाली एकच शब्द होता, “सरी.”

भावोजी शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून सीनियरांकडे गेले. नंतर सीनियरांनी मला सांगितलं, की त्यांना बायकोविरुद्ध एकही वाक्य लिहून घ्यायचं नव्हतं. “‘तिनं मला सोडलं’ असं लिहू नका, ‘तिनं सोडावं असं मी वागलो’ असं लिहा, म्हणत होते. असा अर्ज मी तीस वर्षांत लिहिला नाही.” शेवटी घडलं तेवढंच लिहायचं, तिखटमीठ लावायचं नाही, यावर तडजोड झाली. सीनियर खोट्याच्या बाबतीत फार कडक. मलाही त्यांनी बजावलं, “विचारलं तेवढंच सांग. पण विचारलं ते खरंच सांग.”

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं घरातून निघालो ती दोन बसनी. अक्का नऊच्या बसनं, भावोजी सव्वानऊच्या. मी अक्काबरोबर. अक्कानं वकील केला नव्हता, ती स्वतःच उभी राहणार होती. जिल्हा न्यायाधीश पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून आधी भावोजींकडे आणि मग अक्काकडे पाहिलं.

“तुमचं म्हणणं काय?”

“अर्जात लिहिलंय ते खरं आहे,” अक्का म्हणाली.

“सगळं?”

“अर्ज वाचला आहे मी. एके ठिकाणी तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला लावली.”

न्यायाधीशांनी पेन टेबलावर ठेवलं. हे भांडण आहे की संगनमत, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. दोन्ही बाजू इतक्या एकमतानं वागत असतील, तर पारखून घेणं त्यांचं कर्तव्यच होतं. सीनियरांनी माझी साक्ष सुरू केली. चूल वेगळी? वेगळी. खोल्या वेगळ्या? वेगळ्या. बोलणं? दोन वर्षं चार महिने नाही. सगळं छान चाललं होतं. मग न्यायाधीशांनी अक्काला विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? ती ‘नाही’ म्हणाली. तेव्हा न्यायाधीश स्वतःच माझ्याकडे वळले.

“तुम्ही कुणाकडे जेवता?”

“सकाळी बहिणीकडे, संध्याकाळी भावोजींकडे.”

“स्वयंपाक कुणाचा चांगला?”

सीनियर उठायला लागले, मग बसले. मी म्हटलं, “दोन्ही चांगले. बिसीबेळेभात भावोजींचा.” अक्कानं माझ्याकडे अशी नजर टाकली, की वर्गातली पोर असते तर बाकावर उभी राहिले असते.

“दोघं बोलत नाहीत, मग घर कसं चालतं? दूध, पाणी, घरपट्टी?”

“पाटीवर लिहितात.”

“कसली पाटी?”

मी सगळं सांगितलं. खिळा, खडू, व्याकरण, सगळंच. न्यायाधीश आता पुढं वाकून ऐकत होते. लघुलेखकही लिहायचं थांबला होता.

“या दोन वर्षांत तुमची बहीण आजारी पडली होती?”

“एकदा. पाच दिवस ताप होता.”

“तेव्हा?”

मला पुढचं दिसत होतं. सीनियर टेबलावरच्या फाइलीकडे बघत होते, त्यांचे शब्द माझ्या कानात होते. मी म्हटलं, “भावोजींनी पेज करून दारापाशी ठेवली. पाचही दिवस.”

“त्यांनी खाल्ली?”

“खाल्ली. भांडं घासून परत ठेवलं.”

“आज सकाळी पाटीवर काय लिहिलं होतं?”

मी म्हटलं, “‘चष्मा खिडकीत आहे. कोर्टात वाचायला लागेल.’”

“अक्षर कुणाचं?”

“भावोजींचं.”

“चष्मा कुणाचा?”

उत्तर द्यायची गरज पडली नाही. अक्का तो चष्मा घालूनच उभी होती. कोर्टात कुणीतरी हसलं, आणि हसणारे न्यायाधीश नव्हते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ते म्हणाले, “दोन वर्षं सोडून गेलेल्या बाईंचा चष्मा कुठं राहिला यावर अर्जदारांची बारीक नजर आहे. मला इथं दोन संसार दिसत नाहीत. एक संसार दिसतो, अबोल्याचा.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तरी समेटाचा प्रयत्न करणं मला भाग आहे. दुपारनंतर आत या.”

न्यायाधीशांच्या खोलीत आम्ही चौघं गेलो, ते दोघं, सीनियर आणि मी. न्यायाधीशांनी कोट काढून खुर्चीला अडकवला होता. त्यांनी अक्काला विचारलं, की अबोला कशावरून? अर्जात सहीचा उल्लेख नव्हता, कारण अक्कानं तो येऊ दिला नव्हता, फौजदारीची भीती. तिथं मात्र तिनं दोन-तीन वाक्यांत सांगितलं.

न्यायाधीश भावोजींना म्हणाले, “असं का केलंत?”

दोन वर्षं मी या उत्तराची वाट बघत होते. भावोजी खिडकीकडे बघत म्हणाले, “हिला विचारलं असतं, तर ही गेली असती. मी एकटा कसा राहणार, याची भीती वाटली. स्वयंपाक येत नव्हता, काही येत नव्हतं. आता येतं. म्हणजे तेव्हाही शिकता आलं असतं.”

न्यायाधीशांनी अर्जाची फाइल मिटली. मग अक्काला म्हणाले, “बाई, तुमच्यावर अन्याय झाला हे मी मानतो. पण या कायद्यात त्याच्यासाठी रकाना नाही.”

“ते समजलं,” अक्का म्हणाली. “अर्ज काढून घेऊ द्या.”

परतीच्या बसमध्ये अक्का माझ्याशेजारी बसली होती पण बोलत नव्हती. मला वाटलं, झालं, आता बोळात दुसरी पाटी लागणार. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या थांब्यावर उतरल्यावर मी म्हटलं, “अक्का, माझ्यामुळं गेलं सगळं.”

ती भाजीवालीसमोर थांबून भेंडी निवडायला लागली. “पेजेचं सांगितलं नसतंस तर मिळालं असतं बहुतेक.”

“हो.”

“माझ्यासाठी तू पिंजऱ्यात खोटं बोलली असतीस, तर मला दोन माणसांशी अबोला धरावा लागला असता. घर फार गप्प झालं असतं.” मग भाजीवालीला म्हणाली, “यातल्या स्वल्प कोवळ्या दे.”

मार्ग सीनियरांनीच काढला. चार दिवसांनी ते मला म्हणाले, “कोर्ट देत नाही, पण दोघांनी एकमेकांना द्यायला कोण अडवतंय? करार करा. कोर्टाचा हुकूमनामा नाही तो, लग्न मोडत नाही. पण दोन शहाणी माणसं आपापसांत काय पाळणार ते त्यात लिहिता येतं. आणि घराची वाटणी तर रीतसर नोंदवताही येते.”

म्हणून पुन्हा एका शनिवारी दोघं मिरचीच्या ठसक्यात समोरासमोर बसले. मधे सीनियर, बाजूला मसुदा लिहून घेणारी मी. या वेळी मला काम मिळालं होतं. दोघंही सीनियरांशी कन्नडमध्ये बोलत होते, एकमेकांशी नाही. घराचा नकाशा भावोजींनी काढून आणला होता, निळ्या शाईत, इंचाइंचासह. पूर्वेकडचा भाग अक्काचा, पश्चिमेकडचा भावोजींचा, ओसरी, बोळ आणि विहीर सामाईक. पश्चिमेला नवी चूल आणि वेगळं दार भावोजींनी करून घ्यायचं. अक्कानं सांगितलेलं कलम मी पहिल्या क्रमांकावर लिहिलं, की दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या नावानं काही लिहिणार नाही, सही करणार नाही, शब्द देणार नाही आणि नाकारणार नाही. भावोजी म्हणाले, “हे दोनदा लिहा.” दुसऱ्याच्या नोकरीत, बदलीत, प्रवासात हरकत घ्यायची नाही. आजारपणात दुसऱ्यानं मदत केली, तर त्याचा अर्थ करार मोडला असा धरायचा नाही. हे शेवटचं सीनियरांच्या डोक्यातून आलं. न्यायाधीशांना दिलेलं उत्तर होतं ते.

सगळं सुरळीत चाललं आणि गाडी शेवग्यापाशी अडली. झाड नकाशात नेमकं रेघेवर होतं.

अक्का सीनियरांना म्हणाली, “झाड मी लावलं.”

भावोजी सीनियरांना म्हणाले, “पाणी मी घातलं.”

“पाणी?” अक्कानं मान वळवली. “आठवड्यातून एकदा. तेही मी सांगितलं की.”

“रोज घालत होतो. तू शाळेत असायचीस.”

“शेवग्याला रोज पाणी घालतात का? म्हणून दोन वर्षं शेंगा धरल्या नाहीत.”

“तेव्हाच सांगायचं होतंस.”

“तुम्ही ऐकलं असतंत?”

दोघं मराठीत बोलत होती. दोन वर्षं सात महिन्यांनी, सरळ एकमेकांच्या तोंडाकडे बघून, ‘तू’ आणि ‘तुम्ही’सकट. सीनियरांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मला खुणेनं खालून कॉफी मागवायला सांगितलं आणि खुर्चीत मागं रेलून बसले. कॉफी येऊन संपेपर्यंत झाडावरून ती दोघं चिक्कबळ्ळापूरपर्यंत जाऊन आली. अक्काला जे बोलायचं होतं ते ती सगळं बोलली. भावोजींनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी ते म्हणाले, “माझं चुकलं.” ती म्हणाली, “हो, चुकलं.” मग तिनं पदरानं डोळे पुसले, मिरचीमुळं असेल किंवा नसेल, आणि सीनियरांना कन्नडमध्ये म्हणाली, “शेंगा निम्म्या निम्म्या. लिहून घ्या.”

मला वाटलं आता करार कशाला? पण अक्कानं पुढच्याच आठवड्यात सही केली, आणि वाटणीचा दस्त दोघांनी निबंधकाच्या कचेरीत जाऊन नोंदवला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “रागावलेली असताना वेगळी राहत होते ते वेगळं. आता राग नाही, तरी मला माझं दार हवंय.” भावोजींनी तिच्या दाराला घंटा बसवून दिली आणि काही विचारायचं असलं तर ती वाजवून बाहेर उभे राहू लागले. पाटी तशी कामाला येईना, तर माझ्या अशिलांच्या तारखा लिहायला मी ती घेऊन टाकली.

वर्षा-दीड वर्षानं येलहंकाच्या नव्या मुलींच्या शाळेत अक्काला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. पत्र पोस्टमननं चुकून पश्चिमेच्या दारात टाकलं होतं. भावोजींनी ते बंद पाकीट दोन बोटांत धरून, जसं काही तापलेलं भांडं असावं तसं, पूर्वेच्या दारी नेलं. तिनं तिथंच फोडलं, वाचलं, आणि त्यांना वाचायला दिलं. रोज सकाळी ती मल्लेश्वरमच्या स्टेशनावरून गाडीनं येलहंकाला जाऊ लागली. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीतली मोठी चित्रं भावोजींनी काढून दिली, खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव घालून.

पुढं रेशनचे दिवस आले, तेव्हा एक निरीक्षक चौकशीला आला. एकाच घरातल्या नवराबायकोची दोन कार्डं कशी? लबाडी आहे, म्हणाला. मी त्याला ओसरीवर बसवून करार वाचायला दिला. त्यानं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन्ही चुली पाहिल्या, दोन्हीकडची कॉफी घेतली, आणि दोन कार्डं कायम ठेवून जाताना मला हळूच विचारलं, की अशा करारात सासूचीही खोली घालता येते का. असे दोन-चार करार मी नंतर केलेही, सीनियरांच्या हाताखाली. माझ्या वकिलीची सुरुवात त्यांतूनच झाली.

साठीचं दशक संपता संपता माझं लग्न ठरलं. पुरोहित म्हणाले, कन्यादानाला जोडपं लागतं, एकटं माणूस चालत नाही. दूरच्या मामा-मामींना बोलवायचं का, अशी चर्चा सुरू झाली. अक्कानं कपाटातून करार काढला, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“शेजारी पाटावर बसू नये असं यात कुठंच नाही,” ती म्हणाली, आणि पश्चिमेच्या दाराची घंटा वाजवायला गेली. पश्चिमेच्या दारालाही घंटा होती, पण अक्काला ती वाजवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

लग्नाच्या दिवशी दोघं बोहल्यावर शेजारी बसले, ती जरीच्या लुगड्यात, ते उपरणं घेऊन, अवघडलेले. माझा हात भावोजींच्या ओंजळीत होता आणि वरून अक्का झारीनं पाण्याची धार धरत होती. पुरोहितांचा मंत्र लांबत चालला तशी धार जोरात यायला लागली.

“स्वल्प, स्वल्प,” भावोजी ओठ न हलवता म्हणाले.

“कळतंय मला,” अक्काही तसंच म्हणाली, “तुम्ही हात सरळ धरा.”

मी मान खाली घातलेलीच होती, हसू दाबताना खांदे तेवढे हलत होते. बघणाऱ्यांना वाटलं, नवरी रडतेय.